मागून येणारा आवाज

शंकररावांच्या गाडीतून आवाज येऊ लागला, तो नेमका नातीच्या बारशाच्या आठवड्यात. नल्लकुंट्याच्या गल्लीतला गतिरोधक ओलांडला की मागून 'ठण्' व्हायचं आणि वळण आलं की 'घर्रर्र'. शंकररावांनी रेडिओ बंद केला, काचा वर घेतल्या, श्वास रोखून पाहिला. आवाज होताच.

गाडी जुनी, डिझेलवरची, आणि मालक निवृत्त झाल्यापासून गरजेपेक्षा जास्त स्वच्छ. रोज ती पुसायची आणि डिक्कीत काही दिसलं की ते उचलून घरात आणून टाकायचं, हा शंकररावांचा नेम. ती विका म्हणून मुलगा संदेश आणि जावई विकास वर्षभर मागे लागले होते. एकदा वैतागून ते बोलून गेले, "बारशाला उदगीरला जाऊन येते का बघा. नाही गेली, तर विकून टाकतो." सुनेचं माहेर उदगीरचं, बारसं तिथेच. विकासने तेवढा शब्द पकडून बबलू नावाचं गिऱ्हाईकही शोधून ठेवलं. म्हणून हा आवाज आता शंकररावांच्या पोटात होत होता.

सल्ला मागायची चूक त्यांनी शेजारच्या केशवरावांपाशी केली. केशवरावांची स्वतःची गाडी कधीच विकली गेली होती, पण मतं अजून चालू होती.

"इंजिनाचं माउंटिंग गेलं," गाडीत न बसताच ते म्हणाले. "डिझेल म्हणजे थरथराट मियाँ! पेट्रोल घ्या म्हणून मी तवाच बोललो होतो."

"पण आवाज मागून येतोय."

"येणारच की. पुढचं दुखणं मागं जातं."

तेवढ्यात विकास आला. हा हिशेबखात्यातला माणूस. पण मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याचे कान इतके तयार झाले होते, की लोकांच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा तो नवरदेवाच्या गाडीचं इंजिन ऐकायचा.

"माउंटिंग नाही मामा, मागचा शॉकअप गेलाय," तो ठामपणे म्हणाला. "डिक्कीत काही ठेवलं नाही ना?"

शंकररावांना हे लागलं. "माझ्या डिक्कीत? अरे, धुळीचा कण सापडला तर सांग!" त्यांनी डिक्की उघडून दाखवली. आत फक्त नीट अंथरलेली सतरंजी होती.

शंकररावांची बायको मनकर्णाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "अहो, मी काय म्हणते, त्या गाडीत..."

"तू यात पडू नकोस! इंजिनातलं तुला काय कळतं?"

"नाही बा," म्हणत त्या डिंकाच्या लाडवांकडे परतल्या.

अंबरपेठच्या गॅरेजवाल्याने गाडी एकदा फिरवली. "आवाज तो है साब. शॉकअपच होंगा," तो म्हणाला. विकासचा चेहरा उजळला. "बदलून टाका. आणि जुना मला द्या. संदेश नेहमी माझ्याशी वाद घालतो, बारशात त्याच्या हातातच देतो." जुना शॉकअप, हातभर लांब जड लोखंडी नळकांडं, वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या नव्या गाडीत जाऊन बसला. शंकररावांची गाडी गॅरेजबाहेर आली, पहिला खड्डा लागला, आणि मागून 'ठण्' झालं.

विकासने खिडकीतून मागच्या चाकाकडे पाहिलं. "म्हणजे चेसिसच गेलं मामा. अशी गाडी हायवेवर? नक्को! लेकराच्या बारशाला जायचंय. माझ्या गाडीत जाऊ."

जावयाच्या फोनवर बबलू 'सोमवारी येतो' म्हणत होता, तेही शंकररावांनी ऐकून घेतलं.

रविवारी सकाळी निघताना मनकर्णाबाईंनी विचारलं, "आपल्या गाडीतलं सगळं घेतलं ना?"

"घेतलं मामी, हवा भरायचा पंप घेतला," विकास म्हणाला, आणि त्याची गाडी निघाली. जहीराबादपर्यंत त्याने टर्बोचा महिमा सांगितला, बीदरपर्यंत मायलेजचा हिशेब, आणि पुढे रस्ता खराब लागल्यावर सस्पेन्शनचं कौतुक. लेक गीता बाळाची आत्या, नाव ठेवण्याचा मान तिचा. पण ती नवऱ्याला ओळखून होती, बसल्याबरोबर झोपली. शंकररावांना ती सोय नव्हती. ते पुढे बसले होते.

उदगीरला पाळणा सजला होता. बायका जमल्या. विहीणबाई त्रिवेणीबाई म्हणाल्या, "आधी वरवंटा घाला पाळण्यात, मग बाळ. ताई, तुम्ही आणणार म्हणून आम्ही बघितलाच नाही. आमच्याकडं आता नुसतं मिक्सर!"

"आणलाय की! संदेश, गीता, दोघांच्या बारशाचा वरवंटा आहे. विकास, गाडीतून आण बरं."

"माझ्या गाडीत वरवंटा नाही मामी."

"तुझ्या नव्हे, आमच्या! सकाळी विचारलं नव्हतं का?"

शंकरराव हळूच खुर्चीवरून उठले. "आपल्या गाडीत? कुठं?"

"सतरंजीच्या खाली, स्टेपनीच्या खोबणीत. वर दिसला असता तर तुम्ही उचलून घरात टाकला असता. मागच्या खेपेला लोणच्याची बरणी अशीच राहिली."

"कधी ठेवलास?"

"झाले की चार-पाच दिवस. विसरायला नको म्हणून."

विकास पाळण्याच्या कड्या तपासू लागला.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलायलाच आले होते. तुम्हीच म्हणालात, इंजिनातलं काय कळतं. मला वाटलं, इंजिन पुढं असतंय, वरवंटा तर मागं आहे."

संदेश हसत सुटला. शंकररावांना मात्र हसू येईना. त्यांचे डोळे भरून आले. गाडीला काही झालेलंच नव्हतं.

मुहूर्त टळत होता. सगळ्या इमारतीत हिंडून एक लाटणं आणि एक प्लास्टिकचा बत्ता मिळाला. "काहीतरी जड पाहिजे हो, लांबट," त्रिवेणीबाई रडकुंडीला आल्या. तेव्हा विकास खाली मान घालून जिना उतरला आणि वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन आला.

शॉकअप पुसला, त्याला तेल-हळद लावली, कुंची घातली. बायकांनी तो पाळण्याखालून आणि पाळण्यावरून एकमेकींच्या हातात दिला आणि अलगद निजवला. मग बाळ निजलं. आत्याने कानात नाव सांगितलं, राणी. राणीने टक्क डोळे उघडून आजोबांकडे पाहिलं.

"मामा," विकास हळूच म्हणाला, "बबलूला नको म्हणून सांगतो."

सोमवारी शंकररावांनी वरवंटा काढून बायकोच्या हाती दिला आणि मोठ्या आनंदाने गाडी गल्लीत फिरवली. 'ठण्' नाही, 'घर्रर्र' नाही. त्या शांततेत, नव्या शॉकअपच्या बाजूने, बारीक 'कुईं' ऐकू आलं.

गाडी घरापाशी आली तेव्हा ओट्यावर केशवराव उभे होते आणि फाटकातून विकास येत होता. शंकररावांनी दोघांकडे पाहिलं, काच खाली केली आणि दमलेल्या आवाजात बायकोला हाक मारली.

"अगं, तो वरवंटा परत डिक्कीत ठेव. तो आवाज निदान आपल्या घरचा तरी आहे."