नऊ गोण्या आणि दत्ताराम परब

रविवार, २० मे १९८४. एकूण वजन चारशे पन्नास किलो. हजर : मी, माझी पत्नी, सोसायटीचे सेक्रेटरी सामंत आणि तळमजल्यावरचे दत्ताराम परब. स्थळ आमच्या मुलुंडच्या इमारतीची गच्ची, वेळ सकाळी साडेआठ. परब मंडपाच्या आडव्या पाइपाला लोंबकळत होते आणि त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर होते.

"परब, काय चाललंय हे?" सामंतांनी विचारलं.

"मी वारो झालंय," परब वरूनच म्हणाले.

त्यांनी दोन हिसके दिले, पाइपाची कुरकुर ऐकली आणि मग समाधानानं खाली उतरले. परब प्रत्येक मंडपाला आधी स्वतः वारा होऊन बघत. लग्नाला, बारशाला, मुंजीला गेले की लोक ओळखीचं माणूस शोधतात; परब खांब शोधत. तो हलवायचा, दोरी ओढायची, गाठ नखानं टोकरायची. मन भरलं नाही तर ताट घेऊन बाहेर उन्हात जेवायला बसत. यजमान विनवायला आला की म्हणत, "वारो काय इचारून येता?"

एकदा घाटकोपरला एका बारशात त्यांना एक खांब हलका वाटला. त्यांनी मुलाच्या आजोबांना हाताला धरून आणलं आणि खांबाच्या बैठकीवर उभं केलं. आजोबा चाळीस मिनिटं हलले नाहीत. त्यांना वाटलं, हा कोकणातला काही विधी असावा. कोणी सांगेल तेव्हा टाकायच्या म्हणून त्यांनी मुठीत अक्षताही धरून ठेवल्या होत्या.

परबांनी सव्वीस वर्षं एका गिरणीच्या कापूसगोदामात काट्यावर काढली. संपात ती नोकरी गेली. तेव्हापासून ते नाक्यावरच्या धान्याच्या दुकानात तोलाईचं काम करत. त्यामुळे माणसाकडे बघण्याची त्यांची रीत निराळी. "सामंत बहात्तर. शिरखंडाच्या दिवशी चौऱ्याहत्तर," असं ते सामंतांच्या तोंडावर सांगत. माझं वजन त्यांनी एकसष्ट सांगितलं होतं. मी दवाखान्यात जाऊन खात्री केली. एकसष्टच होतं.

आता मंडप कशासाठी, ते सांगतो. माझ्या मुलीचा, सुनंदाचा, साखरपुडा त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला होता. हॉलचं भाडं झेपणारं नव्हतं, म्हणून गच्ची. मुलाकडची मंडळी भली. पण मुलाच्या आजीचा शकुन-अपशकुनावर फार विश्वास. चुलत नातवाच्या साखरपुड्यात समई विझली तर या बाईंनी सोयरीक मोडायला लावली होती. मुलाच्या वडिलांनीच मला आधी हळूच बजावलं होतं, "तेवढं आईला सांभाळा. काही पडू-मोडू देऊ नका."

आणि आमच्या गच्चीवर पडणं हीच मंडपाची रीत होती. पश्चिमेला डोंगर. मे महिन्यात संध्याकाळी तिकडून जो वारा सुटतो, तो ताडपत्रीखाली शिरला की तिचं शीड होतं. गच्चीला भोक पाडायला बंदी, कारण वरच्या मजल्यावर गळती. आदल्या वर्षीच्या सत्यनारायणाला मंडपवाल्यानं दोरी पाण्याच्या टाकीच्या नळाला बांधली होती. वारा आला, मंडप गेला, जाताना नळ घेऊन गेला. तीर्थ सगळ्यांना भरपूर मिळालं, पण पुढे दोन दिवस इमारतीत थेंब नव्हता. तेव्हापासून टाकीला दोरी बांधायलाही बंदी.

"मग दोरी बांधायची कुठे?" मी शनिवारी परबांना विचारलं होतं.

परबांनी गच्चीवर नजर फिरवली. वर्षाचे गहू भरायचे ते दिवस. बिऱ्हाडाबिऱ्हाडाचे गहू चार दिवस उन्हं खाऊन पुन्हा गोण्यांत भरले गेले होते आणि जिन्याच्या खोलीपाशी ओळीनं उभे होते. प्रत्येक गोणीवर निळ्या शाईनं नाव.

"हे काय उभे आसत," परब म्हणाले. "बिनपगारी."

लोकांनी मुलीच्या साखरपुड्याला गहू द्यायला हरकत घेतली नाही, मात्र प्रत्येकानं आपापल्या गोणीबद्दल सूचना दिल्या. एकीला आपली गोण सावलीत हवी होती, एकाला पंगतीपासून लांब. सहा खांब, नऊ गोण्या. परबांनी पिशवीतून आपला ताणकाटा काढून एकेक गोण तोलली. पन्नास म्हणजे पन्नास भरली तरच घेतली. पूर्वेच्या तीन खांबांना एकेक गोण, वाऱ्याच्या बाजूच्या तीन खांबांना दोन दोन. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात सामंतांची आणि आमची. गोणीच्या गळ्याला दोरी, दोरी खांबाच्या डोक्याला. मी वहीत नावं आणि जागा लिहून घेतल्या, म्हणजे परत करताना घोटाळा नको.

संध्याकाळी पाच वाजता पाहुणे आले. इमारत झाडून हजर होती. निम्मे लोक सुनंदासाठी आले होते आणि निम्मे आपल्या गव्हांवर नजर ठेवायला. आजी खुर्चीत बसल्या, वर बघितलं, ताडपत्री फडफडली. "हे राहील ना?" त्यांनी विचारलं.

"राहील," मी म्हणालो.

पाच पंचवीसला पाहुण्यांच्या एका छोट्या मुलीनं कोकम सरबताचा पेला सामंतांच्या गोणीवर ओतला. मुद्दाम नव्हे, तिला गोणीवर बसायचं होतं आणि पेला हातात होता.

"अहो, गहू भिजले!" सामंतवहिनी ओरडल्या. "वर्षभर कीड निवडायची कोणी?"

सामंत एरवी समजूतदार माणूस. पण बायको ओरडली की त्यांचा सेक्रेटरी होतो. त्यांनी गाठ सोडली आणि गोण ओढत जिन्याकडे नेली. "सामंत, पाच मिनिटं थांबा हो!" मी म्हणेपर्यंत डोंगराकडून वारा आला.

ताडपत्री फुगली. नैर्ऋत्येचा खांब चार बोटं वर उचलला गेला, खाली आपटला, पुन्हा उचलला गेला. भटजींचा हात थांबला. आजी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. सुनंदा माझ्याकडे बघत होती.

परब धावले. लोंबणारी दोरी त्यांनी स्वतःच्या कमरेला दोन वेढे घालून आवळली, इस्त्रीच्या शर्टावरूनच, आणि खांबाला पाठ लावून मांडी घालून बसले. खांब खाली आला. राहिला.



"हे गृहस्थ कोण? आणि यांना बांधलंय का?" आजींनी विचारलं.

"आमचे शेजारी," मी म्हणालो.

पुढचं परबांनीच सांगितलं. "आजी, गोण पन्नासची होती. माजा वजन अठ्ठावन. आठ किलो फायदो."

आजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या, आधी पदराआड, मग उघड. "अरे, मग मला नाही का सांगायचं? मी चौऱ्याऐंशी आहे!" असं म्हणून त्यांनी नातवाकडून आपली खुर्ची उचलवून कोपऱ्यात आणली, परबांच्या शेजारी मांडली, दोरीचं शेपूट हातात धरलं आणि भटजींना म्हणाल्या, "चालू द्या. बघू कसा पडतो ते!"

"शहाऐंशी," मी दोरी बघायला वाकलो तसे परब माझ्या कानाशी पुटपुटले.

अंगठ्या झाल्या. वारा दोनदा आला आणि हात हलवत गेला.

सामंतांना मात्र लाज वाटली असावी. पेढे वाटले जात असताना ते आपली गोण ओढत परत घेऊन आले. "उठा परब. चुकलं माझं. बांधा ही."

"नको," परब म्हणाले.

"अहो, पण जेवायचं नाही का?"

"हयसर वाढा."

तिथंच वाढलं. पुरीला हात पुरत होता, श्रीखंडाला पुरत नव्हता, ते आजींनी पुढे सरकवलं. जोडी नमस्काराला आली तेव्हाही परब उठले नाहीत. "उठूक जमाचा नाय गो बाय," सुनंदाला म्हणाले, "बसल्या जागेवरसून आशीर्वाद घे." सामंतांची भरलेली गोण दोन हातांवर बिनकामाची उभी होती. मला हिशेब लागेना.

साडेसातला पाहुणे गेले. मंडपवाल्याची माणसं ताडपत्री उतरवायला लागली. मी वही काढून गोण्या परत करू लागलो. परब तोलून देत होते, मी नावापुढे खूण करत होतो. इमारतीत दहा बिऱ्हाडं, गोण्या नऊ. नवव्या खुणेनंतर मी विचारलं, "परब, सामंतांनी गोण परत आणली, तरी तुम्ही का नाही उठलात?"

खांबाकडची दोरी केव्हाच सुटली होती, पण कमरेचे वेढे तसेच होते; त्यांची गाठ ते आता सोडत होते. शर्टावर दोरीचा काथ्या चिकटला होता. तो वेचून काढत ते म्हणाले, "खानावळीत जेवणाऱ्याक वर्साचे गहू खंयचे? ती होती तेव्हा भरी होतंव. आता तीन वर्सां झाली." मग काटा पिशवीत ठेवत म्हणाले, "सगळ्या घरांचा वजन लागला. म्हटला, आमच्या घराचा पण लागांदे."

माझी पत्नी जिन्याच्या दारात उभी होती. ती आमच्या गोणीपाशी गेली आणि गोणीचं तोंड उसवून परबांना म्हणाली, "भावजी, यातले दहा किलो तोला."

"माका? मी काय करू त्याचा?"

"तुम्ही नुसते तोला."

परबांनी तोलले. पावशेर जास्त भरले, ते त्यांनी काढून गोणीत टाकले.

मंडपवाल्याला ठरल्याप्रमाणे दोनशे दहा रुपये दिले. परबांना दहा किलो गहू. ते त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून आमच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी ठेवले, आणि सोमवारपासून त्यांच्या चार पोळ्या आमच्याकडे होऊ लागल्या.