सेंगा केविनांच्या कादंबरीचा शेवट

मुलगी पसंत पडली की आधी तिच्या सेंगाकडे जायचं असतं. सेंगा म्हणजे मुलीची आत्या. तिनं मान डोलावली तरच पुढची बोलणी. आईबापांचा नंबर नंतर. जाताना साखर, मीठ, साबण आणि मांस न्यायचं, एवढं आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी साखर नेली, मीठ नेलं, साबण नेला, मांस नेलं. आणि वर एक नवीकोरी कादंबरी नेली.

ती न्यायला मला कोणीही सांगितलं नव्हतं.

पण माझाही नाइलाज असतो. मी कंपालात वांडेगेयाच्या चौकाजवळ पुस्तकांच्या दुकानात कामाला आहे. शाळा लवकर सुटली, वाचन मात्र सुटलं नाही. नव्या कादंबऱ्यांचा गठ्ठा सोमवारी आला की रविवारपर्यंत मी सगळ्या वाचून काढतो. गिऱ्हाइकानं "नवीन काय आलंय?" असं विचारलं की आधी माझी बोबडी वळते (मी लाजाळू आहे), आणि एकदा वळलेली बोबडी सुटली की मग ती थांबत नाही. पण कुणाला काय द्यायचं ते मला बरोबर कळतं. पाद्रीबाबांना भुताखेतांची. बोडा चालवणाऱ्या पोरांना प्रेमाची (मोटरसायकल बेफाम चालवतात, पण आतून फार रडके). समोरच्या वकीलबाईंना ज्यात एकही वकील नाही अशी कुठलीही.

नाकिमुलीची आणि माझी ओळख अशीच झाली. तिला मी समुद्रप्रवासाची एक कादंबरी सुचवली होती. ती तिला अजिबात आवडली नाही. हे सांगायला ती आली, आणि मग येतच राहिली.

तिच्या सेंगा केविना मोठ्या इस्पितळात तीस वर्षं मेट्रन होत्या. मपिगीला राहतात. त्या बघतात तेव्हा आपलं वजन करताहेत असं वाटतं. "सेंगांशी कमी बोल," असं नाकिमुलीनं मला बजावलं होतं. मी इतकं कमी बोललो की पहिला पाऊण तास फक्त साखरच बोलली. शेवटी मी पिशवीतून पुस्तक काढून पुढं केलं.

"हे काय?"

"'मसाकाचा विधुर'. गेल्याच आठवड्यात आलीय. रहस्यकथा. तुम्हाला आवडेल."

"मला काय आवडेल ते तुला काय माहीत?"

"तुमच्या कपाटात औषधांच्या बाटल्या नावावार लावल्यात. अशा लोकांना खुनाच्याच आवडतात."

सेंगांनी माझं पुन्हा एकदा वजन केलं. मग म्हणाल्या, "ठेव तिथं." आठ दिवसांनी निरोप आला, मुलगा चालेल.

मी एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण यशानं माणूस बिघडतो. नाकिमुलीच्या वडिलांना मी राजदरबाराची नवी ऐतिहासिक कादंबरी पाठवली. त्यांनी कळवलं, लेखकाला ढोल कोण वाजवतं तेसुद्धा माहीत नाही. आजीला एक नाजूक प्रेमकथा पाठवली. आजीनं विचारलं, "यात कोणी मरत नाही का?" थोडक्यात, सगळ्या घराला सेंगांचीच कादंबरी हवी होती. पण सेंगा पुस्तक पुरवून पुरवून वाचतात, दिवसाला दहा पानं, जेवणानंतर. मग घरात नंबर लागले. सेंगांनंतर आजी, मग थोरली वहिनी, मग वडील, असे सात जण. शेवट कुणालाही कुणी सांगायचा नाही अशी सक्त ताकीद होती.

अशात मागणी घालायचा दिवस उजाडला.

त्या दिवशी नवरदेवानं तोंड उघडायचं नसतं. पांढरा पायघोळ कांझू घालून आपल्या माणसांत बसायचं आणि जमिनीकडं बघायचं. बोलायला दोन्ही पक्षांचे बोलणारे असतात. (हा रिवाज माझ्यासारख्यासाठीच कुणी तरी शोधला असावा असं मला वाटायचं. वाटायचं.) आमच्या बाजूनं लुबोवा होता. लुबोवानं आजवर चाळीस लग्नं जमवली आहेत आणि हे तो दर दहा मिनिटांनी सांगतो. गाडीत त्यानं मला विचारलं, "त्या म्हातारीचं मन कशानं वळेल?"

"ती 'मसाकाचा विधुर' वाचतेय."

"नायक कसा आहे?"

"कष्टाळू आहे. अबोल. स्वभावानं गरीब. पण काय होतं, त्याच्या..."

"बस, बस! गोष्ट नको सांगू. एवढं पुरे."

"अहो, पण पुढं..."

"पोरा, चाळीस लग्नं जमवलीत मी!"

मपिगीला मांडवात आम्ही एका बाजूला बसलो, ते समोर. त्यांचा बोलणारा, कातेंडे नावाचा एक सुकडा माणूस, माइक घेऊन उभा राहिला. तुम्ही कोण, वाट चुकलात का, वगैरे नेहमीची थट्टा झाली. लुबोवा रंगात आला. आणि मग त्यानं सेंगांकडं वळून कमरेत वाकून म्हटलं, "सेंगा, आमचा मुलगा कसा आहे म्हणून विचारता? तुम्ही 'मसाकाचा विधुर' वाचताय ना? त्यातला नायक बघा. आमचा कसुज्जा हुबेहूब तसाच!"

मी जमिनीकडं बघायचं विसरून थेट त्याच्याकडं बघितलं.

सेंगांनी चष्मा लावला. "ज्याच्या दोन बायका विहिरीत पडून मेल्या, तो?"

लुबोवाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. (चाळीस लग्नं उगाच नाही जमवली.) "तोच सेंगा, तोच! आता विहीर म्हटली की माणूस पडायचाच."

"दोघी एकाच विहिरीत?"

"काटकसरी आहे हो! उगाच दुसरी विहीर कशाला?"

मी त्याचा कांझू ओढला. त्यानं माझ्या हातावर चापट मारली.

"आणि तिसरीला तो रोज संध्याकाळी विहिरीवर घेऊन जातो," सेंगा म्हणाल्या. "पान दोनशे बारा."

"बघा! किती प्रेम आहे बायकोवर!"

कातेंडेनं घसा साफ केला. "आमच्याही परसात विहीर आहे," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. नाकिमुलीच्या वडिलांनी मान वळवून परसाकडं पाहिलं. मी पुन्हा कांझू ओढला आणि लुबोवाच्या कानात कुजबुजलो, "सांगा त्यांना, तो निर्दोष आहे!"

लुबोवानं माइक तोंडाशी धरला. "मंडळी! आमचा मुलगा निर्दोष आहे!"

आता ज्यांना काहीच शंका नव्हती त्यांनाही आली. मागच्या रांगेतून आवाज आला, "निर्दोष? कुठल्या भानगडीत?" दुसरा म्हणाला, "केस चालू आहे काय?" माझ्या सख्ख्या मामांनी खुर्ची माझ्यापासून वीतभर लांब सरकवली.

सेंगा उठल्या. नाकिमुली तेवढ्यात सगळ्यांसमोर येऊन गुडघ्यांवर बसली होती, निळी गोमेसी घालून, मान खाली घालून. तिच्या खांद्यावर हात ठेवून सेंगा म्हणाल्या, "मुलीला आत न्या. आपण जरा विचार करू."

असा विचार एकदा सुरू झाला की वर्ष जातं. माझा चुलतभाऊ अशाच विचारात अजून बिनलग्नाचा आहे. नाकिमुलीनं उठताना माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत साफ लिहिलं होतं: बोल काहीतरी, मेल्या!

मी उठलो. कुणी तरी "अहो, खाली बसा, नवरदेव!" असं ओरडलं. माझी बोबडी आधी वळली आणि मग सुटली.

"त्यानं नाही मारलं!" मी ओरडलो. "मेहुणीनं मारलं! धाकट्या मेहुणीनं! शेवटून दुसऱ्या प्रकरणात कळतं! ती विहिरीच्या काठाला साबण लावून ठेवायची! तो तिसरीला विहिरीवर न्यायचा तो पहारा करायला, कारण त्याला संशय आला होता! आणि शेवटी मेहुणी स्वतःच घसरून पडते! तो सज्जन आहे हो! फक्त त्याला बोलता येत नाही!"

एवढं बोलून मी खाली बसलो. छातीवरचं ओझं उतरलं. मला वाटलं, आता टाळ्या पडतील.

सेंगांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दोनशे बारा पानं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शेवटची चाळीस मी आजच्या रात्रीसाठी राखून ठेवली होती."

"माझा नंबर उद्यापासून होता," आजी म्हणाली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"माझा चौथा," वडील म्हणाले. ते दाराकडं बघत होते, आम्हाला वाट दाखवायची असल्यासारखे.

थोरली वहिनी तर खुर्चीवरून उठलीच. "साबण! अहो, सेंगांनी त्या विहिरीचं सांगितल्यापासून मी तीन आठवडे जिवाला लावून घेतलं होतं, कसं केलं असेल म्हणून!"

लुबोवानं माइक माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "एकेचाळिसावं तुझं तूच जमव."

पण सेंगा म्हणजे मेट्रन. रोगी दगावतोय असं दिसलं तरी त्या हात काढून घेत नाहीत. त्या चार पावलं पुढं आल्या. "एक गोष्ट सिद्ध झाली," त्या म्हणाल्या. "मुलगा खुनी नाही. होणारी बायको आत चालली म्हटल्यावर रिवाज मोडून उभा राहिला, हेही पाहिलं. मुलगी द्यायला माझी हरकत नाही. पण दंड होणार."

"कबूल!" मी पुन्हा बोललो. (चौघांनी मला दाबून खाली बसवलं.)

"सात नव्या कादंबऱ्या. सात जणांना सात. आणि त्यातली एकही तू उघडून पाहायची नाहीस. शेवटचं पान तर नाहीच. गठ्ठा सोडला की सरळ इकडं."

न वाचता पुस्तक सुचवायचं! मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. सोमवारी गठ्ठा आल्यावर मी डोळे मिटून सात उचलल्या आणि कागदात बांधल्या. मेट्रनना काय गेलं, आजीला काय गेलं, देवालाच ठाऊक.

सातही जणांना पसंत पडल्या. आजीला तर इतकी की तिनं निरोप पाठवला, पोराला आत्ता कुठं पुस्तकांतलं कळायला लागलंय.

तेव्हापासून घरात नवी कादंबरी आली की नाकिमुली ती आधी माझ्या हातून काढून घेते. मी सध्या पाकशास्त्राची पुस्तकं वाचतो. म्हटलं, यांचा शेवट सांगितला तर कुणाचं काय जातंय? गेल्या रविवारी सेंगा जेवायला आल्या. मी स्वतः लुवोंबो केला होता, केळीच्या पानात बांधून, तीन तास वाफेवर. पुडी त्यांच्यासमोर ठेवली. सेंगांनी हात धुतले, डोळे मिटून वास घेतला, आणि गाठ सोडायला हलकेच बोट घातलं.

"कोंबडी आहे," मी म्हणालो. "शेंगदाण्याच्या रश्श्यात."

सेंगांनी गाठ तशीच सोडून दिली आणि पुडी माझ्याकडं सरकवली.