आना अंगावर!

स्वतः दुरुस्त केलेल्या मोटारीसमोर छाती काढून उभा राहणारा मिस्त्री मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे अकोल्याचे शेजारी, देवीदासभाऊ. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या मोटारींचे पुढचे एक्सल आणि स्टिअरिंगचे सांधे मजबूत करून देणं हा त्यांचा धंदा. काम झालं की मालकाला गाडीत बसवायचं, आपण वीस पावलांवर जाऊन उभं राहायचं आणि ओरडायचं, "आना अंगावर! मी हात केला का फिरवजा!"

मालकाचा चेहरा पांढराफटक. भाऊ निवांत पान चघळत उभे. गाडी शर्टाला वारा घालून वळली की म्हणायचे, "पाहा! गाडीचा जीव इंजिनात नसते, सांध्यात असते."

त्या गाड्यांचा पुढचा एक्सल खड्ड्यात वाकतो, म्हणून भाऊ त्याच्याखाली पोलादी सळई ताणून बसवतात. स्टिअरिंगचा गोळा खोबणीतून निसटू नये म्हणून वरून घरी घडवलेली पट्टी आवळतात. मग चाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतात. ही खोड इतकी मुरलेली, की मी सेवानिवृत्त झालो तेव्हा अभिनंदनासाठी माझा हात हातात घेऊन त्यांनी तोही हलवून पाहिला. "मास्तर, ढिले झाले तुमी. सांध्यातले बुश बदलाले आले."

गेल्या महिन्यात त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, वैशालीला, अमरावतीच्या कॉलेजात नोकरी लागली. आई लहानपणीच गेलेली. घरात बापलेक दोघंच. ती म्हणाली, "बाबा, आपली जुनी गाडी मले द्या."

भाऊंनी ती गाडी पंधरा दिवस खोलली आणि जोडली. निघायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे समोर उभे राहिले. पोरीनं झोकात गाडी वळवली. "जाय बिनधास्त! हा सांधा सुटला तं मिशी उतरवतो!"

गाडी दिसेनाशी झाली मात्र, त्यांनी माझं मनगट धरलं. "मास्तर, बसा स्कूटरवर. चहा पिऊन येऊ."

चहाची टपरी कोपऱ्यावरच होती. तिथं स्कूटर थांबली नाही. अमरावतीच्या रस्त्यावरचं मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा मी काय ते समजलो. हत्यारांची पिशवी माझ्या मांडीवर, पुढं ती म्हातारी मोटार, आणि लांबून तिच्या मागं आम्ही दोन म्हातारे.

"एवढा भरवसा आहे, तं मागं काहून चाललो आपण?" मी वैतागून ओरडलो.

"सांध्याचं काई नाई," भाऊ एवढंच बोलले.

अमरावतीत वैशाली भाड्याच्या खोलीपुढं उतरली. कुलूप उघडलं, सामान आत नेलं, दार लावलं. आम्ही रस्त्यापलीकडे झाडाआड उभे. मी म्हटलं, "हाक मारा ना!"

"नको. मले पाहून रडली तं?"

डोळे तर त्यांचेच भरले होते. मला फार वाईट वाटलं.

येताना बडनेऱ्याला चहा घेतला.  भाऊ म्हणाले, "मास्तर, आज रातच्याले माह्या घरी जेवा. सकाळी सवयीनं दोघांची कणीक मळून आलो."

मी तिथूनच बायकोला फोन केला, माझी पोळी टाकू नको म्हणून.