पार्जियोचा होकार

माझा जावई पार्जियो माणूस म्हणून वाईट नाही, पण त्याच्या जिभेला 'नाही' हा शब्द फुटत नाही. असल्या माणसाच्या तोंडाला कुलूप घालून मगच सासूने बाजाराला जावं. गेल्या गुरुवारी मी तेवढं विसरले.

आम्हा जावा बेटावरच्या लोकांत पाहुण्याला तोंडावर नकार देत नाहीत. 'इंगिह' म्हणतात. परक्याला वाटतं, 'हो' म्हणाले. आम्हाला ठाऊक असतं, की त्याचा अर्थ पुष्कळदा नुसता 'कानावर आलं' एवढाच. रीत चांगली आहे. मीही पाळते, दिवसातून एकदा. पार्जियो श्वासागणिक पाळतो.

नातीचं लग्न तीस दिवसांवर आलेलं. रांधायला सगळी गल्ली येणार, आणि माझ्या स्वयंपाकघरात चार बायका वाकल्या तर पाचवीने श्वास अंगणात जाऊन घ्यावा. म्हणून मागची भिंत पाडायचं ठरलं. जाणत्याने मोडतोडीचा दिवस काढून दिला, लेगी गुरुवार; आमच्या पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यातला लेगी आणि गुरुवार एकत्र येतात तो. तो हुकला की पुन्हा पस्तीस दिवसांनी. गवंडी कार्दीला सकाळीच बसवलं आणि मी नारळ आणायला गेले.

परत येते तर कार्दी घण मांडीवर घेऊन लवंगेची सिगारेट ओढतोय आणि माझ्या चुलीपाशी सहा टोप्या! सेमारांग शहरातलं कसलंसं वारसा मंडळ, लहान गावांतून जुनंपानं हुडकत हिंडणारं. त्यांच्या म्होरक्या हेर्लिनाबाई माझ्या भिंतीवरची काजळी कुंचल्याने झाडत होत्या. भिंतीला पिवळी फीत बांधलेली.

"भिंतीला ताप आलाय का?" मी विचारलं.

"आजी, हळू! तीनशे वर्षांची आहे ही."

"कोण म्हणतं?"

सहाही टोप्या पार्जियोकडे वळल्या. तो जमिनीत रुतायची जागा शोधत होता.

"आम्ही विचारलं, जुन्या लढाईतून पळालेला राजपुत्र इथेच लपला होता का? हे इंगिह म्हणाले. हा त्याच्या शिकारी कुत्र्याचा पंजा का? इंगिह म्हणाले. आता कचेरीतले साहेब निघालेत. एकदा शिक्का बसला, की या भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही."

माझ्या हातातला नारळ त्यांच्या टोपीकडे बघू लागला. पण पंजा म्हटल्यावर मला राहवेना. वाकले. एवढी वर्षं या भिंतीकडे तोंड करून रांधलं, काजळीखाली काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. विटांच्या तिसऱ्या थरात पंजाचा ठसा, आणि शेजारच्या विटेत माणसाची अर्धी टाच.

"अगं बाई, हा तर बेलांग!" मी म्हणाले. "आमचा कुत्रा. थोरली पोटात होती तेव्हा मालकांनी अंगणात विटा पाडल्या. हा ओल्या विटांवरून पळाला, ते काठी घेऊन मागे. ही टाच त्यांचीच."

हेर्लिनाबाईंनी आवाज खाली आणून पार्जियोला विचारलं, "वयामुळे आजींच्या आठवणीत घोळ होतो का?"

"इंगिह," पार्जियो म्हणाला.

कार्दीला धुराचा ठसका लागला. मी जावयाचा सदरा धरून त्याला विहिरीपाशी ओढत नेलं.

"मला वेड लागलंय?"

"इंगि... तसं नाही हो आई, पाहुण्या होत्या..."

"बावीस वर्षांमागे इथेच मी तुला विचारलं होतं, माझी सुतिनाह पसंत आहे का. तू इंगिह म्हणालास. तेही असलंच का?"

विचारलं रागाने. पण विचारल्यावर मात्र उत्तर खरंच हवंसं वाटलं. पार्जियोने विहिरीवरची बादली उगाच उचलून पुन्हा खाली ठेवली. बादलीतून पाणी ठिबकत होतं.

"नाही," तो म्हणाला. मग स्वतःच दचकला. "नाही, आई. ते खरं होतं. त्याआधी वर्षभर रोज सकाळी मी तुमच्याकडून टेंपे घ्यायचो की नाही? तुम्ही केळीच्या पानात बांधायच्या त्या सोयाबीनच्या वड्या? पैसे सुतिनाह घ्यायची, म्हणून यायचो. मला टेंपे आवडत नाही."

या माणसाला मी बावीस वर्षं दोन्ही वेळेला टेंपे वाढलंय. आणखी हवं का विचारलं, की म्हणायचा, इंगिह.

फाटकाबाहेर साहेबांची मोटारसायकल फटफटली. मी त्याचा सदरा सोडला, चुरगळला होता तो नीट केला.

"गाढव आहेस," मी म्हणाले, "पण पोरगी चुकीच्या घरी दिली नाही मी. आता हे 'नाही' गार व्हायच्या आत पळ, आणि त्या टोप्यांना, साहेबालाही ऐकव. कार्दीला सांग, पंजाची आणि टाचेची अशा दोन्ही विटा शाबूत काढ, चुलीच्या वर लावायच्या आहेत. आणि टेंपेला आज नाही म्हणायचं नाही हं. एका दिवसात एवढे नकार तुला सोसायचे नाहीत."