आभासी रोबोचा पंचनामा

गेल्या वर्षी आमच्या शाळेला दोन यंत्रमानव मिळाले. एक खरा आणि एक आभासी. खरा खोक्यातून आला, आभासी पेनड्राइव्हमधून. विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग यावं, हा त्यामागचा उदात्त हेतू होता. दोघांची नोंद त्याच दिवशी जडवस्तू नोंदवहीत झाली. आमच्याकडे वस्तू शाळेत आली हे ती दिसल्यावर ठरत नाही, वहीत चढल्यावर ठरतं.

ही वही खुशालभाऊंकडे असते. ते आमच्या शाळेचे बाबू. त्यांनी चष्मा पुसला आणि चंचल मॅडमना विचारलं, "आभासी म्हंजे कसा?"

चंचल मॅडम विज्ञान शिकवतात आणि त्यांनी रोबोचं तीन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलंय. त्या म्हणाल्या, "तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर चालतो, खुशालभाऊ. तसा खरा नसतो."

"नसते, तं मी नोंद कायची करू?"

"पण आपल्याला मिळालाय ना!"

"म्हंजे मिळाला हाये, पण नाई हाये." खुशालभाऊंनी मान हलवली. अशा बऱ्याच वस्तू त्यांच्या वहीत आधीपासून होत्या. "रंग?"

"निळा."

"वजन?"

"वजन नाही."

त्यांनी वजनाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं, नग १ लिहिलं, आणि 'स्थिती' या रकान्यात 'सुस्थितीत' असं ठळक अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या.

खुशालभाऊंना हसू नका. त्यांच्या आधीचे बाबू निवृत्त झाले त्या दिवशी भूगोलाच्या खोलीतली पृथ्वी सापडत नव्हती. एका पृथ्वीपायी त्या माणसाला सहा महिने चकरा माराव्या लागल्या. तेव्हापासून खुशालभाऊंचं एकच तत्त्व आहे, वस्तू वापरली की बिघडते, आणि बिघडली की ती आपल्या नावावर बिघडते.

त्यामुळे खरा रोबो काचेच्या कपाटात गेला. कपाटाला कुलूप लागलं. मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून दर बुधवारी 'निरीक्षण तासिका' सुरू झाली. आम्ही कपाटासमोर रांगेत उभे राहायचो आणि रोबो आमच्याकडे बघायचा. त्याला दोन चाकं होती आणि एक डोळा. वहीत त्याचं चित्र काढलं की प्रात्यक्षिक पूर्ण.

या सगळ्या कारभाराची रोबोप्रमुख मी होते. मी म्हणजे रूही शेख, नववी अ. माझी नेमणूक गुणवत्तेवर झाली नव्हती. मी सव्वीस जानेवारीला सचोटीवर भाषण केलं, मध्ये एकदाही अडखळले नाही, आणि त्या दिवशी मला कळलं की आपल्याला सगळं येतं. त्याआधी मी वर्गात हजेरीलासुद्धा हळू आवाजात 'हजर' म्हणायचे. आता मी न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं द्यायला लागले. 'अल्गोरिदम' हा शब्द तर मी असा वापरायचे, जसं लोक मीठ वापरतात. घरी अम्मीला मी चहाचा अल्गोरिदम समजावून सांगत होते, तेव्हा ती म्हणाली, "वो सब ठीक है रूही, पहले गॅस बंद कर." तोवर दूध शेगडीवर सांडून खाली टपकत होतं. मी तिला म्हटलं, ही हार्डवेअरची चूक आहे.

प्रोग्रामिंग खरं यायचं ते सरिताला. सरिता रामटेके, माझ्याच बाकावरची. तिच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ती तिच्या मायवर सराव करायची. ठमाबाई अंगणात उभ्या राहायच्या आणि सरिता वहीतून वाचायची, "माय, पुढं चार. उजवीकडे वळ. पुढं सहा. थांब." एकदा ती 'थांब' लिहायला विसरली आणि ठमाबाई सरळ गोठ्यात गेल्या.

"अवं, तू थांब म्हटलं नाई ना!" त्या म्हशीजवळून ओरडल्या.

सरितानं चूक खोडली आणि मायला पुन्हा अंगणात उभं केलं. त्यानंतर प्रत्येक वेळी ती आधी अंगण पावलांनी मोजायची, मग आज्ञा लिहायची. मला हे फार गावठी वाटलं होतं.

मग चंद्रपूरहून जिल्हास्तरीय स्पर्धेचं पत्र आलं. एका शाळेतून एक विद्यार्थी, आणि तिथे खरा रोबो, प्रत्यक्ष हातात. चंचल मॅडम वर्गात म्हणाल्या, "शनिवारी नाव पाठवते," आणि बघितलं सरिताकडे. सरिता आजवर चंद्रपूरला एकदाच गेली होती, तेही दवाखान्यात. तिनं त्या दिवशी डबा खाल्लाच नाही. मी तिचं अभिनंदन केलं. माझ्या आवाजात इतका मोठेपणा होता की मलाच तो ऐकवेना.

शुक्रवारी आभासी रोबोचा तास होता. शाळेत चालणारा कॉम्प्युटर एकच, त्यामुळे आम्ही सगळे त्याच्याभोवती दाटीवाटीनं उभे होतो. खुर्चीत सरिता. तिच्या मागे मी, कमरेवर हात ठेवून. आज्ञा प्रमुखानं द्यायच्या, टायपिंग दुसऱ्यानं करायचं, असा नियम मीच केला होता. स्क्रीनवर एक टेबल, टेबलावर निळा रोबो.

"पुढे शंभर," मी म्हटलं.

"शंभर जास्त होते, रूही. टेबल चाळीसचाच हाये."

"रोबोप्रमुख कोण आहे?"

"तू."

"मग टाक."

तिनं टाकलं. रोबो निघाला, टेबलाच्या काठावर आला, आणि जणू त्यालाही माझ्याइतकाच आत्मविश्वास असावा तसा हवेत पुढे चालत गेला. खाली पडला. चाकं वेगळी झाली. स्क्रीनवर लाल अक्षरात आलं, 'रोबो नादुरुस्त.' त्याखाली हिरवं बटण होतं, 'पुन्हा सुरू करा.' ते दाबलं की सगळं पहिल्यासारखं होतं. सरिताचं बोट त्या बटणाकडे निघालं होतं.

"थांब! हात नको लावू!" दारातून खुशालभाऊंचा आवाज आला. त्यांनी लाल अक्षरं वाचली होती.

"भाऊ, एक बटण दाबलं का झालं..."

"शासकीय वस्तू तुटली हाये, अन् तू बटण दाबून पुरावा मिटवून राह्यली? पह्यले पंचनामा."

पंचनामा झाला. मुख्याध्यापक गुरनुले सर आले, पंच म्हणून पीटीचे दिनेश सर आले. रोबो किती उंचीवरून पडला, हे स्क्रीनला पट्टी लावून मोजलं, साडेचार सेंटीमीटर. अवशेषांचं ठिकाण विचारल्यावर चंचल मॅडम म्हणाल्या, "स्क्रीनवर." खुशालभाऊंनी विचारलं, "काचेच्या इकडं का तिकडं?" बरीच चर्चा होऊन 'तिकडे' असं लिहिलं गेलं. दिनेश सरांनी खात्री म्हणून मॉनिटरच्या मागे वाकून बघितलं.

मग गुरनुले सरांनी घसा साफ केला. "आता मुख्य मुद्दा. घटनेच्या वेळी उपकरण कोण हाताळत होतं?"

कोणी बोलेना. सर माझ्याकडे बघत होते, कारण मी प्रमुख होते.

मी सचोटीवर सात मिनिटं बोललेली मुलगी आहे. मला खोटं बोलायचं नव्हतं. मी खूप विचार करून असं वाक्य शोधलं ज्यात एकही शब्द खोटा नव्हता.

"सर, बोट सरिताचं होतं."

सरितानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. खुशालभाऊंनी लिहिलं, 'हाताळणारी विद्यार्थिनी: कु. सरिता रामटेके.' आणि नियमाप्रमाणे, चौकशी संपेपर्यंत हाताळणाऱ्या व्यक्तीला कुठल्याही रोबोजवळ जाता येत नाही. शनिवारी चंद्रपूरला नाव गेलं ते माझं.

प्रकरण इथे संपलं असतं, पण शनिवारीच दुपारी लाइन गेली. कॉम्प्युटर बंद पडला. लाइन आल्यावर सुरू केला, तर टेबलावर निळा रोबो ठणठणीत उभा.

मी आनंदानं ओरडले. खुशालभाऊ मात्र खुर्चीत बसले.

"हा कोणता?" त्यांनी विचारलं.

"तोच आहे, भाऊ," चंचल मॅडम म्हणाल्या.

"तो तं तुटला हाये. पंचनाम्यात हाये. माह्यी सही हाये. मंग हा दुसरा कुठून आला? याची नोंद कुठी हाये?"

सगळे गंभीर झाले. आता दोनच शक्यता होत्या. एक तर पंचनामा खोटा, म्हणजे तीन शासकीय सह्या खोट्या. नाहीतर शाळेत एक बेवारस रोबो घुसलाय. गुरनुले सरांनी वरच्या कार्यालयाला मार्गदर्शन मागितलं. आश्चर्य म्हणजे चार दिवसांत उत्तर आलं. 'सदर वस्तू पंचनाम्यात नमूद स्थितीत जतन करावी. चौकशी अधिकारी कधीही भेट देतील.'

"नमूद स्थितीत म्हणजे काय, सर?" मी विचारलं.

"म्हणजे तुटलेल्या स्थितीत," गुरनुले सर म्हणाले. "रूही, तू प्रमुख आहेस. त्याला परत पाड."

मी पाडला. पुढे शंभर. दुसऱ्या दिवशी लाइन गेली, तो परत उभा राहिला. मी परत पाडला. आमच्या सावली तालुक्यात लाइन किती वेळा जाते, हे ठाऊक असलेल्यांना माझ्या कामाचा बोजा कळेल. सकाळी प्रार्थनेआधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना. तीन आठवड्यांत मी तो एकसष्ट वेळा पाडला. माझा हात इतका बसला की मी डोळे मिटूनही पाडू शकायचे. गुरनुले सर पाहुण्यांना सांगायचे, "ही आमची रूही. दिवसातून तीनदा प्रोग्रामिंग करते."

सरिता खिडकीबाहेर उभी राहून बघायची. आत यायची तिला परवानगी नव्हती. एकदा तिनं तिथूनच विचारलं, "रूही, स्पर्धेत वळायचं पण राह्यते ना? तू वळवून पाह्यला का?"

"वेळ कुठे आहे?" मी म्हटलं. आणि ते खरं होतं. मी पाडण्यात गुंतले होते.

चौकशी अधिकारी एका मंगळवारी आले. त्यांनी स्क्रीनवर तुटलेला रोबो बघितला, पंचनामा बघितला, चहा घेतला, आणि 'अहवाल वस्तुस्थितीशी सुसंगत आहे' असा शेरा मारला. प्रकरण बंद झालं. निष्कर्षात सरिताला समज देण्यात आली आणि मूळ स्थिती काटेकोरपणे जपल्याबद्दल माझं कौतुक झालं.

दोन दिवसांनी मी चंद्रपूरला गेले. मोठा हॉल, मोठं टेबल, त्यावर खरा रोबो. कपाट नाही, काच नाही, कुलूप नाही. परीक्षक एक तरुण बाई होत्या. टेबलावर काळी रेघ होती, तिला दोन वळणं होती. रोबोनं रेघेवरून जाऊन दुसऱ्या टोकाला थांबायचं, एवढंच. तीन संधी.

मी खुर्चीत बसले, कमरेवरचा हात काढून कीबोर्डवर ठेवला, आणि बोटांनी आपणहून लिहिलं, पुढे शंभर.

तो पडला. खऱ्या वस्तूचा आवाज खरा होतो. मी जागेवरच गोठले.

"उचल ना," परीक्षक बाई म्हणाल्या.

"हात लावू?"

"मग कोण लावणार?"

"आणि पंचनामा?"

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला. "अगं, पडला तर पडला. पडण्यासाठीच मजबूत बनवलाय. आकडा बदल आणि परत चालव. आधी टेबल किती लांब आहे ते बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. मी पंचवीस टाकले, तो मध्येच थांबला. मी एकशे पन्नास टाकले. तो तिथूनही पडला, याची सोय मी स्वतः केली होती. बाकीची मुलं डावीकडे, उजवीकडे, थांब, असं काय काय लिहीत होती. मला त्या वेळी टेबलही दिसत नव्हतं आणि रोबोही. ठमाबाईंच्या अंगणात पावलं मोजणारी सरिता दिसत होती.

मला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. शाळेत त्याचा सत्कार झाला, नारळ फुटला, आणि मी मनोगतात 'अपयश ही यशाची' वगैरे म्हणाले. टाळ्या पडल्या. सुटल्यावर सरिता माझ्यासोबत चालत आली. तिनं किती नंबर आला ते विचारलं नाही.

"हातात धरला होता का त्याले?"

"हो."

"कसा लागते?"

"गरम," मी म्हटलं. "मोटर चालून चालून गरम होते. आणि वाटतो त्याहून जड आहे."

"हाव का," ती म्हणाली, आणि आपला तळहात उलटा-सुलटा करून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एक चिठ्ठी लिहून गुरनुले सरांकडे गेले. 'बोट सरिताचं होतं, आज्ञा माझी होती. ती नको म्हणत होती.' सरांनी ती दोनदा वाचली आणि घडी घातली.

"रूही, तू हुशार आहेस. प्रकरण बंद झालं आहे. हे खरं मानलं तर चौकशी पुन्हा उघडेल, दोन्ही रोबो पुन्हा बंद होतील, मुलांचं नुकसान होईल. मुलांचं नुकसान करायचं आहे का तुला?"

"नाही, सर," मी म्हटलं. मोठ्या, स्पष्ट आवाजात. एकदाही न अडखळता.

चिठ्ठी घेऊन मी परत आले.

आता तुम्ही म्हणाल, 'त्या शुक्रवारी तुझ्या जागी मी असतो तर तिथल्या तिथे खरं सांगितलं असतं.' शक्य आहे. त्या शुक्रवारी त्या खोलीत आम्ही सत्तावीस विद्यार्थी होतो, सगळ्यांनी माझी आज्ञा ऐकली होती, आणि घरी जाताना प्रत्येक जण हेच म्हणत होता.