उलटी एकही नाही!

माझ्या हातून बसवलेली कोणतीही वस्तू आजवर तिरकी बसलेली नाही, हे मी विनयपूर्वक नमूद करतो! ह्यूस्टननजीकच्या आमच्या शाळेची देखभाल मी बावीस वर्षे करीत आहे. विज्ञानाच्या प्रूइटबाई व त्यांचे विद्यार्थी भारहीनतेच्या अनुभवासाठी विमानातून जाणार असे ठरले, तेव्हा प्रयोगाची पेटी मीच घडवली. म्हणून चौदावी जागा मला लाभली. प्रश्न गहन होता. काकवीच्या तरंगत्या गोळ्यात हवेचा बुडबुडा मध्यभागी राहतो, की काठाला जातो? मारिसोल या विद्यार्थिनीने त्यापायी दोन वर्षे वेचली होती.

आदल्या दिवशी उड्डाणाचे गणवेश शाळेत आले. पाहतो तर काय! चौदाही छात्यांवर नावाच्या पट्ट्या उलट्या शिवलेल्या! मी दुपारभर बसून साऱ्या उसवल्या आणि सुलट्या शिवल्या. कोणास सांगितलेही नाही. सत्कार्याचा गवगवा मला रुचत नाही.

विमानतळावर प्रशिक्षक टिबोडो आमच्या छात्या न्याहाळून थक्क झाले.

"अरे वा! सगळेच मुरलेले दिसताय! तुमच्या किती झाल्या, काका?"

अखेर कोणीतरी दखल घेतली!

"चौदा," मी म्हणालो. "अन् उलटी एकही नाही!"

"एकही नाही?"

"तपासून बघा हवं तर!"

"नको, नको! तुम्हाला मी काय शिकवणार? पेटी तुम्हीच सांभाळा."

आणि सूचनांचा तास त्यांनी पाच मिनिटांत आटोपला.

विमानाने पहिली कमान घेतली, म्हणजे उंच चढून खाली झुकले, आणि आमचा भार लोप पावला. चौदाही जण बेडकांप्रमाणे पोहू लागलो! माझी लाथ पेटीस लागली, झाकण उघडले आणि काकवीचा गोळा नवरदेवाच्या डौलात बाहेर आला.

"काका, धरा त्याला!" मारिसोल किंचाळली.

हात पोहोचेना. मी तोंडाने धरला.

"गिळलात?" प्रूइटबाई ओरडल्या. "बुडबुडा कुठे होता?"

"गोड होता, बाई. एवढंच कळलं!"

पुढच्याच कमानीत माझ्या जठराने तो गोळा परत केला. टिबोडो पिशवी घेऊन तरंगत आले.

"चौदा फेऱ्या झाल्या म्हणालात ना?"

"फेऱ्या कसल्या? पट्ट्या! उलट्या होत्या, मी सुलट्या केल्या!"

टिबोडोंनी कपाळावर हात मारला आणि त्या धक्क्याने स्वतःच कोलांटी खाल्ली. "अहो, पहिल्यांदा उडणाऱ्याचं नाव मुद्दाम उलटं लावतात! त्यावरूनच कळतं, कुणाला सांभाळायचं ते!"

मारिसोलच्या डोळ्यांत पाणी आले. ते ओघळेना, पापणीवरच गोळा होऊन थरथरत राहिले. "एकच कमान उरलीय, काका."

"मला जमिनीला बांधा!" मी गर्जलो.

टिबोडोंनी मला पट्ट्यांनी जखडले. बाई आणि मारिसोल यांनी माझ्या दोन्ही काखांत पाय रोवले व त्या खांबासारख्या स्थिर झाल्या. पेटीतल्या बाटलीत उरलेल्या काकवीचा नवा गोळा झाला आणि मारिसोलने त्यात हवेचा बुडबुडा सोडला.

"हलू नका हं!"

"श्वास घेऊ?"

"नंतर!"

कॅमेरा चालला. बुडबुडा ना मध्यभागी गेला, ना काठाला. सोडला तिथेच राहिला! विमानात असा जल्लोष झाला की माझे पोटही क्षणभर शांत झाले.

अहवाल राज्याच्या प्रदर्शनात झळकला. त्यात माझे नाव ठळक छापले असून, येणाऱ्याजाणाऱ्यास मी ते अभिमानाने दाखवतो. 'आभार' या भागात मात्र कोणी शोधू नये. 'साहित्य' या शीर्षकाखाली, कॅमेरा आणि चिकटपट्टी यांच्यामध्ये पाहावे: कुबेनाकाका, नग एक.