एक ‘टेक’ आणि माझा हुआमेई

बसा हो, सरका जरा इकडं! एका इंग्रजी शब्दानं माझं घर कसं धुऊन नेलं, ते सांगतो.

मी इथं छंगतू शहरात जोडे शिवतो. शाळा म्हणाल तर तीन यत्ता. पण लेकीच्या होणाऱ्या सासूबाई, हिल्डाबाई, इंग्लंडहून घरी येणार म्हटल्यावर ठरवलं, बोलणार तर इंग्रजीतच! लेक यानच्यूनं एकच क्रियापद शिकवलं, ‘टेक’. म्हणजे घ्या. आठ दिवस टाचा ठोकत मी ‘टेक, टेक’ घोकलं. गिऱ्हाईकं पळाली!

“बाबा, जेवण वाढण्यापुरतंच हं,” यानच्यूनं बजावलं.

“गप गं! शिकलोय तो वापरायलाच!”

बाई आल्या. चहाची किटली बघून म्हणाल्या, छान आहे. आता आपली चिनी रीत अशी, पाहुण्यानं वाखाणलं की आपण ‘घ्या’ म्हणायचं, पाहुण्यानं तीनदा ‘नको’ म्हणायचं, वस्तू जाग्यावर! मी छाती फुगवून म्हणालो, “टेक!”

बाईंनी घेतली!

म्हटलं, ‘नको’ म्हणायला विसरल्या असतील. मग त्यांनी लोणच्याची बरणी वाखाणली. आत माझ्या सासूच्या काळापासून जपलेलं, लोणचं मुरवायचं खारं पाणी! “टेक!” तीही बाईंच्या मांडीवर. बायकोनं, ग्वेइफननं, असा चिमटा काढला की माझं इंग्रजीसुद्धा कळवळलं.

“तोंड शिवा आता!”

“अगं, आता तरी नको म्हणतीलच की!”

इतक्यात पिंजऱ्यात माझा हुआमेई गायला. सात वर्षं जिवापाड जपलेला पक्षी! रविवारी बागेतल्या पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेत म्हाताऱ्या फांगच्या पक्ष्याचं नाक कापणार होता. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. “ब्यूटिफुल!” ग्वेइफननं डोळे वटारले. पण रीत ती रीत! डोळा पिंजऱ्यावर, तोंडात ‘टेक’.

बाईंनी मला मिठी मारली आणि पिंजरा उचलला.

त्या गेल्यावर यानच्यू डोकं धरून बसली. “त्यांनी पुस्तकात वाचलंय, इथं दिलेलं नाकारलं की अपमान होतो. बिचाऱ्या घाबरून घेत होत्या! मी नाही मागणार परत. तुम्हीच मागा!”

मागणार! आज शनिवार, उद्या स्पर्धा. बाई समोरच्या हॉटेलात, पिंजरा खिडकीत. ऐका, गातोय!

तुम्ही शिकलेले दिसता. ‘परत द्या’ला इंग्रजीत काय म्हणतात, तेवढं या तळहातावर लिहून द्या. आणि तीनदा ‘नको’ म्हणायची आपली रीत लेकीनं त्यांना आजच सकाळी शिकवलीय; आता त्या मलाच तीनदा ‘नको’ म्हणायच्या, तेव्हा शब्द जरा पहिल्याच फटक्यात चालणारा द्या!